गवंडी पाहावा खणून

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ एवढे सांगून आपले पूर्वज मोकळे झाले. त्यांपैकी लग्नाचे शास्त्र त्यांनी भरपूर लिहून ठेवले. गोत्र पाहावे, पत्रिका पाहावी, आजोळ पाहावे, मुलगा नुसती सुपारी खातो की आणखी काही खातो याची शेजारीपाजारी चौकशी करावी! घराचे मात्र तसे नाही. ज्याच्या हाती आपण जन्माची पुंजी ठेवतो आणि ज्याने घातलेल्या छपराखाली पुढची पन्नास वर्षे लेकराबाळांसह निर्धास्त निजतो, तो गवंडी कसा पाहावा, याविषयी पूर्वज अगदी गप्प आहेत.

हे सुचायचे कारण सेलूच्या एका वाचक भगिनींचे पत्र. त्या लिहितात, ‘यजमानांच्या निवृत्तीचे पैसे आले आहेत. प्लॉट आहे. तीन ठेकेदारांनी तीन आकडे दिले आहेत आणि तिघेही बोलायला गोड आहेत. कोणता निवडावा, ते आपल्या सदरातून कळवावे.’

सदर लिहिणाऱ्या माणसाला वाचक कधी वैद्य समजतात, कधी वकील. मी यांतला कोणीच नव्हे; इंजिनिअर तर नव्हेच. परभणीच्या एका शाळेत मी जन्मभर इतिहास शिकवला. परंतु या विषयात नापास झाल्याचा दाखला माझ्यापाशी आहे आणि तो सदतीस वर्षे माझ्याच घराच्या भिंतीवर लिहिलेला होता. पहिल्या आलेल्या मुलापेक्षा नापास झालेला मुलगा कधी कधी पेपर अधिक नीट समजावून सांगतो, हा माझा वर्गातला अनुभव आहे. त्या आधारावर, ताई, हे उत्तर.

आधी थोडे मातीविषयी. आपल्या खेड्यांत जमिनीची दोन नावे आहेत. शेताची ती काळी आणि गावठाणाची ती पांढरी. काळीत पिकवायचे, पांढरीत राहायचे. जुनी मंडळी ‘काळी-पांढरीची शपथ’ म्हणत, ती यावरूनच. लहानपणी मला वाटे, ही नुसती बोलण्याची रीत आहे. ती रीत नव्हे, ते बांधकामशास्त्र होते! गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यांतली आपली काळी माती कापसाची आई खरी, पण घराची ती सासू. पाऊस पडला की ती पाणी पिऊन फुगते. वैशाखात वाळली की आकसते आणि तिला अशा भेगा पडतात की त्यांत काठी घातली तर मूठच तेवढी वर राहावी. म्हणून वाडवडिलांनी गाव वसवले ते उंचवट्यावर, पांढरीत.

मग शहरे वाढली. परभणीत वसमत रस्त्याला, जिंतूर रस्त्याला, गंगाखेड रस्त्याला शेतांचे लेआउट झाले. काल जिथे कापूस होता, तिथे आज दगड रोवून तीस बाय चाळीसचे प्लॉट पडले. सातबारावरची शेती कागदावर अकृषिक झाली. मातीला मात्र ते कोणी कळवले नाही. आपण सारे पांढरी सोडून काळीत राहायला आलो आणि येताना काळीची विद्या जाणणारा माणूस बरोबर घ्यायला विसरलो.

मीही त्यांतलाच. १९८७ साली मी असाच एक प्लॉट घेतला आणि सोसायटीचे कर्ज काढून घर बांधायला निघालो. घर लहानसेच, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे ओसरी. दोन माणसे पाहिली. पहिले एक वयस्क गवंडी. सारे त्यांना उस्ताद म्हणत. डोक्याला रुमाल, खिशात ओळंबा, बोलणे मोजके. त्यांनी प्लॉटवर येऊन घराचा नकाशा पाहिला नाही. शेजारच्या विहिरीच्या काठाशी गेले, वाकून तिच्या कडेचे थर पाहिले आणि परत येऊन म्हणाले, “गुरुजी, हितं मुरूम सात फुटांवर लागंल. पाया तिथवर न्यावा लागंल.”

मी म्हणालो, “चार फुटांत नाही भागणार? सगळे चारच खणतात.”

“चार फुटांत म्हणजे घर काळीवर बसतंय. काळी उन्हाळ्यात आकसती, पावसाळ्यात फुगती. जमीन श्वास घेती, गुरुजी. भिंतीला तो घेता येत नाही, मग ती तडकती.”

तीन फूट जास्तीचे खोदकाम, त्यात भरायचे डबर आणि सिमेंट यांचा हिशेब साडेसहा हजार रुपयांवर गेला. म्हणजे माझा चार महिन्यांचा पगार, आणि तो जमिनीखाली गाडायचा! वर एक वीट दिसणार नाही, पाहुणा ‘वा’ म्हणणार नाही. तेवढ्याच पैशांत ओसरीला शहाबादी फरशी आणि दाराला सागवान येत होते. मी घासाघीस केली. उस्तादांनी स्वतःच्या मजुरीत पाचशे कमी केले. पायाच्या खोलीत एक इंचही नाही. शेवटी ते म्हणाले, “मग दुसरा माणूस बघा, गुरुजी. मला या रस्त्यानं रोज जायचं असतंय.”

त्या वाक्याचा मला रागच आला. गवंड्याने घरमालकाला नाही म्हणायचे म्हणजे काय! दुसरे ठेकेदार तरुण होते, हसतमुख होते. मी म्हणालो चार फूट, ते म्हणाले चार फूट. मी म्हणालो ओसरीला कमान, ते म्हणाले दोन कमानी. असा समजूतदार माणूस मिळाल्याबद्दल मी गावभर सांगत सुटलो. गवंडी निवडताना मी केलेली ही पहिली आणि शेवटची चूक. त्यापुढच्या साऱ्या चुका तिच्याच पोटी जन्मल्या.

दोन पावसाळे बरे गेले. तिसऱ्या वैशाखात मधल्या खोलीच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून एक तिरपी रेघ निघाली आणि छताकडे चालू लागली. मी पुट्टी भरली. श्रावणात ती रेघ आपोआप मिटली आणि दार चौकटीत घट्ट बसले. ते उघडायला खांदा लावावा लागे. पुढच्या उन्हाळ्यात दार सुटे झाले आणि भेग पुन्हा उघडली. पुढेपुढे आमच्या घरात पंचांगाची गरज उरली नाही. भेगेत आठ आण्याचे नाणे जाऊ लागले की समजावे वैशाख आला, आणि पोस्टकार्डही शिरेना की भाद्रपद.

मी लोकांना सांगू लागलो, ठेकेदाराने फसवले. सिमेंट खाल्ले, वाळूत माती मिसळली, पायात चोरी केली. सांगून सांगून माझा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला. वर्गात बाबिलोनचा हम्मुराबी शिकवताना तर मला विशेष चेव येई. पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या राजाच्या कायद्यात लिहिले आहे, की बांधलेले घर कोसळून मालक दगावला तर बांधणाऱ्याला देहान्त. आणि भिंत नुसती कलली तरी त्याने ती स्वतःच्या पैशाने पक्की करून द्यावी. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर एकच हसतमुख चेहरा असे.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. आदल्या रात्री गणपती बोळवून गावे नुकती झोपली होती. चारच्या सुमारास मांडणीवरची भांडी वाजू लागली. सौ.ने दोन्ही मुलांना उचलले, दार मात्र उघडेना. पावसाळा सरत आला होता, चौकट फुगलेली होती. मी खांदा देऊन ते उघडले, त्याला किती पळ लागले असतील ते सांगता येणार नाही. पण ते पळ मी आजही मोजतो. रस्त्यावर सारी कॉलनी उभी होती. दिवस वर आल्यावर किल्लारीचे नाव कळले.

आमच्या घराला काही झाले नाही. किल्लारीत आणि आसपासच्या गावांत मात्र आठ हजारांच्या घरात माणसे गेली. भूकंप फार मोठा नव्हता. माणसे मारली ती घरांनी. दगडमातीच्या जाड भिंती, बाहेरचा थर आणि आतला थर यांना आरपार जोडणारा लांब दगड कुठे नाही, आणि डोक्यावर हातहात जाडीचे मातीचे माळवद. तेच माळवद उन्हाळ्यात गारवा देई म्हणून आपण पिढ्यान् पिढ्या त्याचे कौतुक केले होते. त्यानंतर घरदुरुस्तीची जी मोठी सरकारी योजना आली, तिच्यात हप्त्याहप्त्याने पैसे घरमालकाच्याच हाती दिले आणि काम त्यानेच गवंड्याकडून करून घ्यायचे, असे ठरले. गावोगाव बायकांना ‘संवाद सहायक’ नेमले. भिंतीला आडवा काँक्रीटचा पट्टा कुठे हवा, आरपार दगड का घालायचा, हे त्या घरोघर सांगत फिरल्या. घराची गुणवत्ता गवंड्याच्या थापीइतकीच मालकाच्या समजुतीवर अवलंबून असते, हे त्या संकटाने शिकवले. मला मात्र ते तेव्हा उमगले नाही. मी मुलांची अंथरुणे त्या भिंतीपासून दूर सरकवली आणि ठेकेदाराला शिव्या देत राहिलो.

असे पुढे तीस वर्षे चालले. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. हिंगोली १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होती. तिची थरथर परभणी-नांदेडला न कळती तरच नवल. भांडी पुन्हा वाजली. या वेळी त्या भिंतीशी माझी सहा वर्षांची नात निजली होती. मुलगा तिला घेऊन अंगणात आला आणि काही न बोलता त्याने भेगेकडे नुसते पाहिले. दुपारी म्हणाला, “बाबा, आता हे पाडायचं.”

पाडण्यापूर्वी त्याने एक गोष्ट केली. भिंतीच्या कोपऱ्याशी मजूर लावून पायापर्यंत खड्डा घेतला. मी खुर्ची टाकून बसलो होतो. सदतीस वर्षांची चोरी आज उघडी पडणार होती! डबराचे थर मोजत मोजत मजूर खाली गेला. पाया चार फुटांवर संपला. टेप लावली, बरोबर चार फूट. दगड चांगला होता. सांधे भरलेले होते. सिमेंट पहारीने सहज निघेना. चार फुटांच्या खाली काळीभोर, ओली, लोण्यासारखी माती होती. मुलाने आणखी खणायला लावले. सात फुटांना दोन बोटे कमी असताना पहार खणकन वाजली. मुरूम.

ताई, त्या हसतमुख माणसाने माझी एक पैही चोरली नव्हती. मी जे मागितले तेच त्याने मला दिले होते, आणि इमानदारीने दिले होते. दोष असलाच तर एवढाच, की त्याला ठाऊक असून त्याने मला नाही म्हटले नाही. आणि जो नाही म्हणाला होता त्याला मी घालवून दिले होते. सारा गाव मी ज्याची बदनामी ऐकवत फिरलो त्याला शोधायला गेलो, तर तो कधीच औरंगाबादकडे गेल्याचे कळले. उस्तादांकडे गेलो. ते करोनाच्या आदल्या वर्षीच वारले होते. आमच्याच लेआउटमध्ये त्यांनी त्याच साली बांधलेले एक घर आहे. सदतीस वर्षे मी त्याच्यावरून ये-जा केली. आत प्रथमच गेलो. मधले दार एका बोटाने लोटले, ते चौकटीला टेकून निमूट बसले. घरच्या वहिनी म्हणाल्या, “आमच्याशी पण भांडले होते हो उस्ताद खोल खणायला. आमच्या सासऱ्यांनी रागारागानं पैसे दिले.” राग माझ्या आणि त्यांच्या सासऱ्यांच्या वाट्याला सारखाच आला होता. त्यांनी पैसे दिले, एवढाच फरक.

तेव्हा, ताई, गवंडी निवडण्याविषयी मला आता जे कळते ते असे.

नवे घर पाहून गवंडी निवडू नका. नव्या नवरीसारखे नवे घर सगळेच सुंदर दिसते. त्याने बांधलेले, पाच-सात पावसाळे खाल्लेले घर पाहायला मागा. पत्ता द्यायला जो कांकू करील त्याला चहा पाजून निरोप द्या. आणि तिथे गेल्यावर यजमानांना विचारू नका, ते आपल्या निवडीची बढाई मारतील. घरातल्या बाईला विचारा: पावसाळ्यात कुठले दार अडते? न्हाणीच्या पाठची भिंत ओली होते का? काम चालू असता गवंडी स्वतः किती दिवस यायचा? उचल घेऊन मध्येच दुसऱ्या कामावर गेला होता का? या चार प्रश्नांत त्याची पत्रिका उलगडते.

त्यानंतर त्याला आपल्या प्लॉटवर बोलवा आणि तुम्ही काही विचारू नका. तो काय विचारतो ते ऐका. आम्ही या खेपेला तिघांना बोलावले. एकाने विचारले, “बजेट किती?” दुसऱ्याने विचारले, “हॉलमध्ये पीओपी करायचं ना?” तिसरा तिशीतला तरुण, डिप्लोमा झालेला. त्याने विचारले, “काका, इथं पूर्वी काय होतं? पावसाचं पाणी कुठून कुठं जातं?” मी आकडा विचारला तर म्हणाला, “आधी खड्डा. आकडा नंतर.” मला एकदम खिशातला ओळंबा आठवला. त्याचा आकडा तिघांत सर्वांत मोठा होता, जवळजवळ दोन लाखांनी. मुलाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “याला द्या.” सौ. म्हणाली, “सदतीस वर्षांनी का होईना!”

मुरूम आवाक्यात नसेल तर काय, हेही त्याने सांगितले. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने १९५० नंतरच्या दशकात खास काळ्या मातीसाठी एक रीत बसवली. जमिनीत गोल भोक घेऊन तळाशी ते कांद्यासारखे फुगवायचे आणि त्यात सळई-काँक्रीट भरायचे. अशी खुंटी साधारण साडेतीन मीटर खाली जाते, तिथे मातीचा ओलावा ऋतूप्रमाणे फारसा बदलत नाही. घर त्या खुंट्यांवर उभे राहते आणि वरची काळी फुगो की आकसो. आम्हाला त्याची गरज पडली नाही. पण ज्याला दोन रीती ठाऊक आहेत तो तुमच्या जमिनीला शोभेल ती निवडील. ज्याला एकच ठाऊक आहे तो तुमच्या जमिनीलाच त्याच्या रीतीत कोंबील.

आता करार. आपल्याकडे तोंडी बोलण्याला फार मान आहे आणि भांडणे त्यामुळेच फार आहेत. मजुरीवर काम की मालासकट, हे आधी ठरवा. मालासकट असेल तर सिमेंट कुठले, सळई किती जाडीची, वाळू नदीची की दगड दळलेली, हे कागदावर येऊ द्या. गोदावरीची वाळू आता सोन्याच्या भावाची वस्तू झाली आहे. सरकारने २०२३ मध्ये सहाशे रुपये ब्रासने वाळू देण्याचे धोरण काढले आणि दोन वर्षांत ते बदललेही. तेव्हा वाळूच्या वायद्यावर काम अडणार नाही, हेही लिहून घ्या. ट्रक आला की पेलाभर वाळू काचेच्या ग्लासात पाण्याबरोबर हलवा आणि ठेवून द्या. वर गाळाचा थर जाड बसला तर ट्रक परत. वीट विटेवर वाजवा. खणखणीत वाजली पाहिजे. एवढी परीक्षा नातसुद्धा घेते. आमच्या नातीने एक गाडी परत लावली!

पैसे टप्प्याने द्या. पाया, जोते, स्लॅब, गिलावा, असे. प्रत्येक टप्प्याचे काम पाहूनच पैसे. पाया भरून मातीने झाकण्यापूर्वी स्वतः खड्ड्यात उतरा. सळई बांधून झाली की काँक्रीट ओतण्यापूर्वी पाहा, कॉलमच्या सळईभोवती चार सेंटिमीटर काँक्रीट बसेल एवढी जागा आहे का. नसेल तर सळई पुढे गंजते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. स्लॅबखालच्या टेकूंची घाई करू देऊ नका. पंधरा फुटांपर्यंतच्या गाळ्याला किमान सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा. आणि पाणी मारणे! हल्लीच्या मिश्र सिमेंटला निदान दहा दिवस ओल हवी, आणि आपल्या उन्हात त्याहून अधिक दिली तर बिघडत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. अशा मुलखात भर मे महिन्यात स्लॅब टाकणारा गवंडी पाणी कुठून आणणार, हे त्याला आधीच विचारा. दिवाळीनंतर पाया आणि माघ-फाल्गुनापर्यंत स्लॅब, हे आपल्याकडचे शहाण्याचे वेळापत्रक.

सर्वांत शेवटची गोष्ट म्हणजे एकूण मजुरीचा दहावा हिस्सा पहिला पावसाळा संपेपर्यंत हाती ठेवा, आणि हे करारातच लिहा. आमच्या तरुणाने हे कलम वाचले आणि म्हणाला, “काका, एक ओळ माझी पण लिहा. भिंतीलगत झाड लावणार नाही, न्हाणीचं पाणी पायाशी सोडणार नाही, घराभोवती हातभर फरशी करून घेणार.” मी चमकलो. जुन्या घराच्या त्याच कोपऱ्याशी मी हौसेने कडुलिंब लावला होता आणि न्हाणीचे पाणी त्याला सोडले होते! झाड एका बाजूने पाणी ओढत होते, मी दुसऱ्या बाजूने घालत होतो, आणि मधल्या मध्ये भिंतीचा जीव जात होता. मी मुकाट्याने सही केली. करारात दोघांची वचने हवीत, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते.

तरीही कोणी खरोखरच फसवले तर? तसेही होते; जगात सारे गवंडी उस्ताद नसतात. फ्लॅट विकणाऱ्यांसाठी जो रेरा कायदा २०१६ साली झाला, तो आपल्या प्लॉटवर आपण बोलावलेल्या ठेकेदाराच्या कामी येत नाही. परंतु घरबांधणी ही ‘सेवा’ आहे हे १९९३ पासून ग्राहक कायद्यात बसलेले आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार नेता येते. तिथे करार, पावत्या आणि टप्प्याटप्प्याचे फोटो बोलतात. तुमचा संताप बोलत नाही. माझ्यापाशी १९८७ साली संताप तेवढा होता. आणि मी गेलो असतो तरी हरलो असतो, कारण कागदावर माझ्याच अक्षरात ‘पाया चार फूट’ असे लिहिलेले होते.

आता आमच्या घराविषयी. गेल्या दिवाळीनंतर पाया घेतला, जूनच्या आत राहायला आलो. पाया सव्वासात फूट गेला. मी रोज त्या चरात उतरून मुरुमावर उभा राहत असे, सौ. म्हणे, “आता तिथेच खाट टाका.” मग पावसाळा आला, आणि तोही कसा! २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर आभाळ फाटले. गोदावरीकाठची उभी शेते पाण्यात गेली, कित्येकांची घरेही गेली. त्यांच्या दुःखापुढे आपल्या कोरड्या घराचे कौतुक सांगायलाही संकोच वाटतो. त्या आठवड्यात रात्री मी उठून प्रत्येक दार एका बोटाने लोटून पाहत होतो. नात म्हणाली, “आजोबा, चोर येणारेत का?” मी म्हणालो, “नाही ग, एक जुना चोर घरातच आहे का ते बघतोय.”

पहिला पावसाळा संपला. करारातला दहावा हिस्सा पाकिटात घालून ठेवला आहे. पाडव्याला त्या तरुणाला जेवायला बोलावले आहे. मुलगा म्हणतो, दोन दारे जराशी करकरतात, त्याचे थोडे कापून घ्यावे. मी म्हटले, बिजागरीला तेल मी घालीन.

तेव्हा ताई, त्या तीन गोड बोलणाऱ्यांना प्लॉटवर बोलवा आणि त्यांच्या देखत पहार आणवा. जो म्हणेल, “कशाला, सगळे चारच फूट खणतात,” त्याला नमस्कार. जो पहार स्वतः हातात घेईल आणि तुम्हाला न आवडणारा आकडा सांगेल, त्याचा राग येऊ द्या. पण पैसे त्यालाच द्या.